हेल्मेटमध्ये माशी शिरली, शिंक आली, काच धुरकटली तर काय करावं

ताशी 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर पुढे जाते. हेल्मेटमध्ये खाज, शिंक, माशी असं काहीही झालं की हात आपोआप हँडल सोडून चेहऱ्याकडे धावतो, आणि हे 17 मीटर तेव्हाच महाग पडतात. म्हणून सवय एकच लावायची: हेल्मेटला फक्त डावा हात लावायचा, तोही काच उघडण्यापुरता. उजव्या हातात रेस आणि पुढचा ब्रेक असतो, तो जागचा हलवायचा नाही. बाकी सगळं गाडी कडेला घेऊन.

माशी किंवा मधमाशी आत शिरली तर

इंदूरजवळ सिमरोलकडून भेरूघाटात उतरताना किंवा महूच्या पुढे शेतांमधून जाताना हे हमखास होतं. काच अर्धवट उघडी असली की किडा वाऱ्याबरोबर आत येतो आणि बाहेरची वाट न सापडल्याने गालाच्या गादीत घुसतो.

1. रेस सोडा, पण करकचून ब्रेक मारू नका. मागे ट्रक असेल तर मधमाशीपेक्षा त्याचा धोका मोठा.
2. डाव्या हाताने काच पूर्ण वर करा. किडा समोरच फिरत असेल तर बऱ्याचदा तेवढ्यानेच निघून जातो.
3. आरसा बघा, डावा इंडिकेटर द्या, कडेला घ्या. वाटेत हेल्मेटवर थापा मारू नका; दाबली गेलेली मधमाशी डंख मारतेच.
4. गाडी स्टँडवर लावून मगच पट्टा सोडा. हेल्मेट काढताना दोन्ही पट्टे बाहेरच्या बाजूला ताणले की गाद्या गालापासून सुटतात आणि किडा चिरडत नाही.
5. मधमाशीचा डंख कातडीत अडकून राहतो आणि त्यातून विष येतच राहतं. नखाने किंवा एटीएम कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा, मग थंड पाणी किंवा बर्फ लावा. गांधीलमाशी डंख सोडत नाही, त्यामुळे ती पुन्हापुन्हा चावू शकते.

ओठ, जीभ किंवा घसा सुजायला लागला, दम लागला, चक्कर आली, तर गाडी चालवत घरी जायचा विचार सोडा आणि अँब्युलन्ससाठी 108 ला फोन करा.

मुंग्या आणि पाल मात्र रस्त्यात येत नाहीत, त्या घरूनच सोबत येतात. पोर्चमध्ये उलटं ठेवलेलं किंवा आरशाला लटकवलेलं हेल्मेट त्यांना आयतं घर. घालण्याआधी आत डोकावून तळहाताने दोनदा ठोका.

शिंक

नाकात हुळहुळलं की दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात वेग कमी करा, पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा आणि काच वर करा. शिंकताना डोळे मिटणारच, पण मान झुकू देऊ नका. ती झटक्याने खाली गेली की हँडलही हलतं. काच उघडायला वेळच मिळाला नाही, तर हनुवटी थोडी खाली घेऊन छातीच्या दिशेने शिंका. हनुवटीच्या पट्टीवर पडलेलं नंतर पुसता येतं, काचेवरचं चालत्या गाडीवर फक्त पसरतं.

काच धुरकटते तेव्हा

श्वासातली वाफ थंड काचेवर जमते, म्हणून जानेवारीच्या पहाटे पोह्यांना निघालेल्यांना आणि जुलैच्या पावसात सगळ्यांनाच हा त्रास होतो. चालत्या गाडीवर बोटाने आतून पुसलं तर फराटे उठतात आणि समोरच्या दिव्यांमुळे काहीच दिसत नाही. काच एक खाच वर ठेवा, हनुवटीजवळची जाळी उघडा. सिग्नलला थांबल्यावर वारा नसतो, तेव्हा काच सरळ वर करा.

घरचा उपाय: भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब ओल्या बोटावर घेऊन काचेच्या आतल्या बाजूला पातळ चोळा. दहा मिनिटं सुकू द्या, मग मऊ सुती कापडाने डाग जाईपर्यंत पुसा. हे दोन-चार दिवस टिकतं. थेंबाचे चार थेंब केले तर पावसात डोळ्यांत फेस जातो. काचेला मुळातच धुकं न धरणारा लेप असेल तर हे करू नका, लेप निघतो. काचेवर पेट्रोल किंवा थिनर तर कधीच नको. ही काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, तिला तडे जातात.

चश्मेवाल्यांनी हेल्मेट आधी घालावं, चश्मा नंतर. सरळ आणि बारीक काड्यांची फ्रेम कानामागे टोचत नाही.

डोळ्यांत घाम, डोळ्यांत जिरावन मसाला

मे महिन्यात एबी (आग्रा-मुंबई) रोडवर कपाळावरचा घाम थेट भुवयांतून डोळ्यांत उतरतो. पातळ सुती टोपी किंवा रुमाल कपाळावरून घट्ट बांधा. गाठ मागे येऊ देऊ नका, ती कवटीत रुतते. दुसरा प्रकार खास आपल्या इंदूरचा: सराफ्याच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खाऊन जिरावन लागलेल्या बोटांनी हेल्मेट चढवायचं आणि पुढे पलासिया चौकात डोळा चोळायचा. हात धुवा, टिश्यू पुरत नाही.

डोकं दुखणं

1 ऑगस्ट 2025 पासून इंदूरच्या पंपांवर हेल्मेटशिवाय पेट्रोल न देण्याचा आदेश निघाला, तेव्हा अनेकांनी माप न घेताच हेल्मेट उचललं. भुवयांच्या दोन बोटं वरून, डोक्याच्या सगळ्यात रुंद भागावरून टेप फिरवा. 57-58 सेंटीमीटर म्हणजे बहुधा मीडियम, पण कंपनीगणिक फरक पडतो. दुकानात पंधरा-वीस मिनिटं घालून उभे राहा. गालांवर सारखा दाब चालतो. कपाळावर एकाच जागी लाल वळ उठला तर ते हेल्मेट आपल्या डोक्याच्या आकाराचं नाही. आतला थर्माकोल कोरून जागा करू नका, धक्का तोच पेलतो. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढीच सैल जागा हवी. मागे आयएसआयची खूण आणि आयएस 4151 हा आकडा बघून घ्या.

उलटी, वास आणि रंग

मळमळलं की वाट न बघता थांबा. बंद हेल्मेटमध्ये उलटी नाकात परत येते. झालीच तर आधी गार पाणी, गरम पाण्याने डाग आणि वास धरून बसतो.

गाद्यांची बटणं कुठे होती याचा मोबाइलवर फोटो काढून गाद्या सोडवा. कोमट पाण्यात चमचाभर बेबी शॅम्पू टाकून दाबून धुवा. पिळू नका, आतला फोम फाटतो. सावलीत वाळवा. पावसाळ्यात दोन दिवस लागतात, आणि अर्धवट ओल्या गाद्या लावल्या की वास दुपटीने येतो.

रंगपंचमीच्या गेरीत (रंगांच्या मिरवणुकीत) हेल्मेट सापडलंच तर काच कोरडी पुसू नका, गुलालातले कण ओरखडे काढतात. ओलं कापड दहा मिनिटं काचेवर पसरून ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली धुवा. गाद्यांचा गुलाबी रंग दोन-तीन धुण्यांत फिकट होतो. तोवर पांढरा सदरा घालून ऑफिसला निघालात तर कपाळाला रुमाल बांधा, घामाबरोबर तो रंग कॉलरवर उतरतो.