चिपळुणात पुस्तकं जमवायची तर

कोणती पुस्तकं घ्यावीत ते ज्याचं त्याने ठरवावं, मी त्यात पडत नाही. पण आमच्या चिपळुणात घरी पुस्तकं ठेवायची तर आधी पाण्याचा विचार करा. २००५ आणि २०२१, दोन्ही पुरांचं पाणी इथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही शिरलं होतं. म्हणून सगळ्यात खालच्या खणात पुस्तक ठेवायचं नाही. तिथे रद्दी, छत्र्या, काय हवं ते.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, पावसाळ्यात बाहेरची भिंत ओल धरते. फळी तीन फुटांहून लांब नको, मधे झोल येतो. आणि खोली दहा इंच पुरे. जास्त ठेवलीत की पुस्तकांमागे दुसरी रांग लागते, आणि मागच्या रांगेतलं पुस्तक पुन्हा कधी वाचलं जात नाही. बुरशीही आधी तिथेच धरते. प्लॅस्टिकच्या कव्हराखाली दमटपणा कोंडतो, त्यापेक्षा खाकी कागद बरा. कसरीसाठी खणाखणात वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवते. वाळवी दिसली तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, सरळ माणूस बोलवा.

पावसाळा सरला की सगळी पुस्तकं खाली काढून पुसायची आणि सावलीत, पंख्याखाली उघडी ठेवायची. कडक उन्हात कागद पिवळा पडतो. हे काम एका दिवसात उरकत नाही. पुसता पुसता एखादं उघडलं जातं, मग तिथेच जमिनीवर फतकल मारून दुपार जाते आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहतात. माझं निम्मं वाचन असंच झालंय.

खरेदीचा माझा एकच नियम: कवितासंग्रह किंवा स्थानिक इतिहासाचं पुस्तक दिसलं की लगेच घ्यायचं. मराठीत आवृत्ती संपली की पुन्हा निघेलच असं नाही. गाजलेली कादंबरी थांबू शकते. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं स्वस्त असतात, तीही बघा. विश्वकोशाचे खंड मात्र घेऊ नका, तो इंटरनेटवर फुकट आहे आणि जागा वाचते.

पुस्तक कुणाला दिलंत तर वहीत नाव आणि तारीख त्याच्याच हातून लिहून घ्या, जावई असला तरी. दिवाळी अंक बिनधास्त द्या. परत आले नाहीत तरी चालेल.