पोरांना घेऊन आरव्हीतला पहिला हिवाळा, ॲरिझोनात

यंदा आपल्यातली काही नवीन कुटुंबं आरव्ही (आत राहायची सोय असलेली गाडी) घेऊन ॲरिझोनाला निघतायत, त्यांच्यासाठी लिहितेय. आम्ही मिनेसोटातून नऊ वर्षं जातोय, नवऱ्याचं काम रिमोट, पोरं आता दहा आणि तेरा वर्षांची, आणि दोनदा सासूबाईपण सोबत होत्या.

पहिलं काम, बुकिंग करताना फोन करून विचारा की लहान मुलं चालतात का. तिकडची बरीच आरव्ही पार्कं (या गाड्या लावून राहायच्या जागा) ५५ प्लस, म्हणजे पंचावन्न वर्षांवरच्यांसाठी असतात, नातवंडं चार दिवस पाहुणी आली तर चालतात पण पोरं घेऊन महिनाभर राहता येत नाही. आम्हाला हे डिपॉझिट भरल्यावर कळलं. स्टेट पार्क आणि नॅशनल पार्कच्या कॅम्पग्राउंडवर हा प्रश्न येत नाही, फक्त राहायच्या दिवसांची मर्यादा असते ती आधी बघून घ्या. आणि पोरं इतके दिवस शाळेत नसणार, म्हणून शाळेशी निघायच्या आधी बोला, प्रत्येक स्टेटचे नियम वेगळे आहेत.

दुसरं, सारखं फिरत राहू नका. हौसेने सहा आठवड्यांत बारा ठिकाणं ठरवतो आपण, आणि मग दर तीन दिवसांनी पाण्याचा पाइप काढा, टँक रिकामे करा, गाडी लेव्हल करा यातच जीव जातो आणि पोरं खिडकीतून नुसता रस्ता बघत बसतात. टूसॉनच्या आसपास तीनेक आठवडे ठिय्या द्या. पोरांना आपली म्हणून एक जागा लागते, सायकलचा एक रस्ता, शेजारच्या गाडीतला एक मित्र, आणि हे जमायला आठवडा जातोच.

टूसॉनला सग्वारो नॅशनल पार्क आहे, शहराच्या दोन बाजूंना दोन भाग. तिथे ज्युनियर रेंजरची पुस्तिका घ्या, ती भरून दाखवली की रेंजर मुलांकडून शपथ म्हणून घेतात आणि बॅज देतात. मूल चौथीत असेल तर एव्हरी किड आउटडोअर्सचा पास काढून ठेवा, गाडीतल्या सगळ्यांची एंट्री फ्री होते. आमच्या घरात सगळ्यात चाललेला खेळ म्हणजे बाळ सग्वारो शोधायचा. हा निवडुंग पुढे चाळीस फुटांच्याही वर जातो पण पहिल्या आठ वर्षांत जेमतेम इंच-दीड इंच वाढतो, आणि पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं जातात. बाळं बहुतेक दुसऱ्या झाडाच्या सावलीत असतात, पालो वर्दे किंवा मेस्कीटच्या बुडाशी, त्यामुळे तिथेच वाकून बघायचं. धाकटीला करंगळीएवढा एक सापडला होता, पालापाचोळ्यात अर्धा लपलेला, तो तिच्यापेक्षा मोठा असेल हे ऐकल्यावर ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली ती उठेचना. पायवाट मात्र सोडू द्यायची नाही. आणि खिशात एक कंगवा ठेवा, खरंच, कारण चोया नावाचा निवडुंग नुसता चाटून गेला तरी त्याचा गोळाच्या गोळा चिकटतो, हाताने ओढला तर हातात घुसतो, कंगवा खाली घालून झटकन उडवायचा.

थंडी वाऱ्याचा दिवस असेल तर बेन्सनजवळ कार्टश्नर केव्हर्न्सला जा. गॅरी टेनेन आणि रँडी टफ्ट्स या दोघांना ही गुहा १९७४ साली सापडली, कुणी नासधूस करू नये म्हणून त्यांनी १९८८ पर्यंत ती गुपित ठेवली, लोकांसाठी ती उघडली १९९९ मध्ये. उन्हाळ्यात तिथली बिग रूम वटवाघळांच्या पिल्लांसाठी बंद असते, हिवाळ्यात उघडी, म्हणजे आपल्या पथ्यावरच पडतं. सात वर्षांखालच्या मुलांना बिग रूमला नेत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी टूर आहे.

स्वयंपाकाचं थोडक्यात. ३० ॲम्पचा हुकअप (पार्कातली वीज-पाण्याची जोडणी) असेल तर इंडक्शन, मायक्रोवेव्ह आणि हीटर एकदम लावू नका, ब्रेकर पडणारच. तेलकट कढई आधी कागदाने पुसून मगच धुवा नाहीतर ग्रे टँकचा (धुण्याभांड्याचं पाणी साठतं त्याचा) वास आठवडाभर जात नाही. वाळवंटात रात्री पाणी गोठतं कधीकधी, त्यामुळे झोपायच्या आधी बाहेरचा पाइप काढून ठेवायचा.

संक्रांत तिकडेच येते. आम्ही एका शेगडीवर तिळाच्या वड्या करतो आणि पोरं प्रत्येक गाडीचं दार वाजवून वाटून येतात, एकटे राहणारे आजी-आजोबा इतके खूश होतात, दुसऱ्या दिवशी कुणी दुर्बीण दाखवतं, कुणी सायकलचं पंक्चर काढून देतं. पतंग उघड्या माळावर, विजेच्या तारांपासून लांब, आणि वारा सुटला की गाडीची ऑनिंग (बाजूला उघडणारं कापडी छप्पर) आत घ्या, आमची एकदा वाकलीये.

शेवटचे चार-पाच दिवस ऑर्गन पाइप कॅक्टस नॅशनल मॉन्युमेंटला ठेवा. हुकअप नाही, जनरेटर ठरलेल्या तासांतच, पण अंधार काय असतो ते पोरांना तिथे कळतं. जानेवारीअखेर रात्री दहाच्या सुमाराला दक्षिणेला मोकळं क्षितिज बघून उभं राहायचं, मृगाखाली व्याध, आणि व्याधाच्या बरंच खाली, हात लांब करून धरलेल्या तीन बोटांच्या उंचीवर एक ठळक तारा दिसतो. सासूबाई खुर्चीत शाल घेऊन बसल्या होत्या, एकदम म्हणाल्या, "अगं, हा तर अगस्ती!" मिनेसोटातून तो कधीच दिसत नाही, क्षितिजाच्या वरच येत नाही तो, माझ्या पोरांनी पहिल्यांदा बघितला तो आजीच्या बोटाने. त्यासाठी टॉर्चला लाल कागद लावून ठेवा, पांढऱ्या उजेडाने डोळे दिपतात.

आणि तिथून ८५ नंबरच्या रस्त्याने उत्तरेला परतताना बॉर्डर पेट्रोलचं चेकपॉइंट लागतं. नागरिक नसाल तर अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाचं ग्रीन कार्ड, नाहीतर पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद), तुमच्याजवळ हवं, भारतातून आलेल्या आईबाबांचंसुद्धा. सगळ्यांचे कागद एका पाऊचमध्ये घालून पुढच्या सीटजवळ ठेवा, मागच्या बंकखालच्या बॅगेत नको.