गोकाकचा धबधबा: पाणी कधी असतं आणि फोटो कसा काढावा

बेळगाव जिल्ह्यात गोकाक फॉल्स इथे घटप्रभा नदी ५२ मीटरच्या कड्यावरून खाली कोसळते. कड्याचा माथा घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे. पूर आला की पाण्याचा पडदा सुमारे १७७ मीटर रुंद होतो. काठावरच सूतगिरणी आहे. १८८०च्या दशकात ती इथे उभी राहिली, तीच मुळी पडत्या पाण्याची ताकद वापरता यावी म्हणून. गिरणी, कामगारांची वसाहत, झुलता पूल आणि धबधबा हे सगळं एकाच गावाचं अंग आहे. फोटो काढताना गिरणी चौकटीबाहेर ठेवायची धडपड बरेच जण करतात. तसा फोटो कुठल्याही धबधब्याचा वाटतो, गोकाकचा वाटत नाही.

पाण्याचा हिशेब

वर हिडकलचं धरण आहे, ५१ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). पावसाळ्याच्या सुरुवातीला ते भरून घेतात, म्हणून चंदगडकडे पाऊस झोडपत असला तरी त्याच आठवड्यात गोकाकला पडदा भरेल असं नाही. आजरा-गडहिंग्लजकडून येणारी हिरण्यकेशी मात्र धरणाच्या खाली घटप्रभेला मिळते, त्यामुळे तिकडच्या पावसाचं पाणी धरणात न अडता येतं. त्यानंतर धुपदाळचा बंधारा लागतो आणि तिथून कालव्याला पाणी जातं. उन्हाळ्यात कडा जवळजवळ कोरडा दिसतो, त्याचं कारण हेच.

एरवी जुलैअखेर ते सप्टेंबरअखेर हा काळ धरावा. निघण्याआधी हिडकलमधून विसर्ग सुरू आहे का, हे बेळगाव किंवा कोल्हापूरच्या बातम्यांत पाहून घ्यावं. नुसता पावसाचा अंदाज बघून निघणारे अनेकदा उघडा खडक पाहून परततात.

ऐन महापुराचा दिवस फोटोसाठी चांगला नसतो. तुषारांचा धूर एवढा उठतो की कड्याची कडाही दिसत नाही, लेन्स अर्ध्या मिनिटात ओली होते आणि वाटा बंद असण्याची शक्यता असते. पूर ओसरू लागल्यावरचे दिवस सर्वात चांगले. पडदा तुटून पाच-सात धारा वेगळ्या दिसतात, मधला खडक डोकावतो आणि नालेचा आकार नीट कळतो.

पोहोचायचं कसं

मिरज-बेळगाव लोहमार्गावर घटप्रभा स्टेशनला उतरावं. तिथून बस किंवा रिक्षाने धबधबा जवळ आहे. कोल्हापूरकडून गाडीने येणाऱ्यांनी महामार्गावर संकेश्वरला वळून हुक्केरी, घटप्रभा असं यावं. बेळगावहून अंतर साधारण ६० किलोमीटर पडतं. गाव कन्नड भाषेचं आहे, पण मराठी बऱ्याच जणांना समजते. शनिवार-रविवार टाळून सकाळी लवकर पोहोचलात तर काठावर तिवई (ट्रायपॉड) लावायला जागा मिळते. दुपारनंतर ती मिळत नाही.

कुठे उभं राहावं

पहिली जागा काठावरची, कड्याच्या समोरून तिरकी. इथून नाल आणि दरी एकत्र येतात. पूर्ण फ्रेम कॅमेऱ्याला २४ ते ३५ मिमी पुरतं. त्याहून रुंद लेन्स लावली की ५२ मीटरचा कडा बुटका दिसतो आणि पुढचा खडकच अर्धा फोटो खातो. दुसरी लेन्स ७०-२०० मिमीची घ्या. एकच धार, मागचा थरांचा दगड आणि वरून जाणारा पूल एवढंच तिच्यातून घट्ट बांधता येतं.

दुसरी जागा झुलता पूल. तो सुमारे २०१ मीटर लांब आहे आणि नदीच्या खडकाळ पात्रापासून १४ मीटर उंचीवर आहे. तो बंद असेल तर अडथळा ओलांडून जाऊ नये. खुला असला तरी तिवई काठावरच ठेवावी. कुणी चालू लागलं की पूल डोलतो, तिवईही त्याच्याबरोबर डोलते आणि संथ शटरचा प्रत्येक फोटो हललेला येतो. पुलावर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवून हातातच कॅमेरा धरावा, पट्टा मानेत असावा. पूल खरा खुलतो तो काठावरून काढलेल्या फोटोत. माणूस मधोमध आला की शटर दाबा, म्हणजे पाण्याचा आवाका कळतो.

काठावरची उत्तर चालुक्य काळातली दगडी मंदिरं विसरू नका. पाऊस वाढला तर तासभर तिथे काम करता येतं, आणि ओल्या दगडावरचं कोरीवकाम ढगाळ उजेडात फार सुंदर उठतं.

कॅमेऱ्याचे आकडे

पुराचं पाणी इथे तांबूस-तपकिरी असतं. ऑटो व्हाइट बॅलन्स तो रंग करडा करून टाकतो, म्हणून ५५०० ते ६००० केल्विन हाताने लावा. हा रंग नदीने आणलेल्या मातीचा आहे, तो काढून टाकायचं कारण नाही.

ढगाळ सकाळी आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११ आणि तिवई. शटर १/१५ ते १/४ सेकंदांच्या दरम्यान ठेवा. पाणी भरपूर असताना एक सेकंदाच्या पुढे गेलात तर धारा, फेस, गाठी सगळं पुसलं जातं आणि तपकिरी चादर टांगल्यासारखी दिसते. दोन-चार सेकंदांचं शटर ऑक्टोबरच्या बारीक धारांसाठी राखून ठेवा. उजेड जास्त असला तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळसर काच, पुरतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). सहा स्टॉपचा लागलाच तर भर उन्हात.

एक्सपोजर, म्हणजे उजेड किती घ्यायचा हे, ठरवताना हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेड-अंधाराचा आलेख) पाहा. गढूळ पाणी कॅमेऱ्याला फसवत नाही, पण पांढरं आभाळ आणि तुषार फसवतात. आभाळ चौकटीत जेवढं कमी तेवढं बरं. पाणी निवळून पांढरं झाल्यावर मात्र ०.७ ते १ स्टॉप कमी करावं लागतं, नाहीतर धारेतला तपशील जळतो.

सीपीएल (फिरवता येणारा पोलरायझर) फिल्टर ओल्या खडकावरची चकाकी मारतो, बदल्यात दीड ते दोन स्टॉप उजेड खातो. ऊन पडून इंद्रधनुष्य आलं तर तो जपून फिरवा, कारण चुकीच्या कोनात धनुष्य पार नाहीसं होतं. सूर्य पाठीशी ठेवायचा आणि आपल्या डोक्याच्या सावलीपासून सुमारे ४२ अंशांवर पाहायचं. कड्यावरून खाली दरीत पाहत असाल तर सूर्य बराच वर असतानाही तुषारांत धनुष्य सापडतं.

मोबाइलवर पाण्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, मग उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. डिजिटल झूम नको, त्यात तुषारांचा नुसता चिखल होतो.

ओल

सुती, धुतलेले तीन-चार रुमाल घ्या. एक भिजला की तो परत लेन्सला लावायचा नाही. हूड कायम लावलेला हवा, आणि दोन फोटोंमध्ये लेन्सचं तोंड खाली. तुषारांत लेन्स बदलू नका. एसी गाडीतून उतरल्यावर काचेवर वाफ धरते, ती पुसत बसू नये. बॅग बंदच ठेवून २०-३० मिनिटं जाऊ द्यावीत.

जिथे जीव जातो

कड्याच्या वरचं पात्र सपाट दिसतं, म्हणून माणसं त्यावर चालत काठापर्यंत जातात. पावसाळ्यात त्या खडकावर पाय ठेवू नका. शेवाळलेल्या दगडावर बुटाची पकड राहत नाही, आणि घसरल्यावर धरायला काही नसतं. वरून विसर्ग वाढला की पाणी पाऊस नसतानाही चढतं. पाणी एकाएकी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज जाड झाला, तर सामान आवरायच्या आत माणसांनी बाहेर पडावं. तिवई गेली तर गेली.

गिरणीचं आवार आणि दरीतलं वीजघर ही कामाची ठिकाणं आहेत. आतून फोटो हवे असतील तर फाटकावर विचारावं, नाही म्हटलं तर बाहेरूनच काढावेत. ड्रोनसाठी आधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर हवाई क्षेत्र तपासा आणि स्थानिक पोलिसांनाही विचारा. दरीतल्या वाऱ्यात आणि तुषारांत तो परत येईलच असं नसतं.

परतताना गोकाकात करदंट घ्या, डिंक, गूळ आणि सुक्यामेव्याचं. मात्र ती पिशवी कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका. दमट हवेत गूळ पाझरतो.