विभाज्यतेच्या कसोट्या शिकवायच्यात? आधी नोटा मोडा

१०, ५ आणि २ च्या कसोट्या एका तासात उरका. एककाचा अंक बघायचा, झालं. ४ साठी शेवटचे दोन अंक, कारण शंभराची नोट चौघांत वाटली की प्रत्येकी २५, काही उरत नाही. ५७१६ मधले ५७ हाताने झाकायचे, १६ बघायचे.

खरी गोची ३ आणि ९ ची. सुरुवातीची काही वर्षं मी सरळ घोकून घ्यायचे: अंकांची बेरीज करा, तिला ९ ने भाग गेला तर संख्येलाही जातो. वर्ग खूश, मीही खूश. मग चाचणीत एकाने लिहिलं, २५ ला ७ ने भाग जातो, कारण २ + ५ = ७. त्याला काय बोलणार? कारण मीच सांगितलं नव्हतं, त्याने नियम दिसेल तिथे लावला.

तेव्हापासून मी खेळातल्या नोटा आणते. नऊ पोरं पुढे उभी करायची, त्यांच्यात ४३२ रुपये वाटायचे. शंभराची एक नोट मोडली की प्रत्येकी ११ आणि उरतो १. अशा चार नोटा, म्हणून उरले ४. दहाच्या नोटेतूनही १ च उरतो. तीन नोटांचे ३. सुटे २ होतेच. उरलेली नाणी टेबलावर तीन ढिगांत मांडा, एकत्र करू नका. "बाई, हे तर ४३२ चेच अंक!" असं कुणीतरी ओरडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. मला हे गप्प बसणं फार जड गेलं, पण उत्तर आपण सांगितलं की सगळा खेळ वाया. ढीग एकत्र केले की ९, तेही वाटून जातात.

लगेच पिनकोड घ्या. नाशिकचा ४२२००१, बेरीज ९, भाग जातो. पंचवटीचा ४२२००३, बेरीज ११, म्हणजे बाकी २. वहीत पूर्ण भागाकार करून पडताळा घ्यायला लावाच.

आता तो २५ परत काढा. सात जणांत दहाची नोट वाटली तर ३ उरतात, १ नाही. दोन नोटांचे ६ आणि सुटे ५ मिळून ११. भाग जात नाही. ७ साठी शेवटचा अंक दुप्पट करून वजा करायची युक्ती तक्त्यांवर छापलेली असते. पाचवी-सहावीत ती नकोच, तेवढ्या वेळात भागाकार होतो.

६ साठी २ आणि ३ दोन्हींच्या कसोट्या. हीच चाल ८ साठी २ आणि ४ घेऊन खेळू देऊ नका. १२ वर लगेच तोंडघशी पडाल.

घरचा अभ्यास म्हणून रस्त्यावरच्या एमएच १५ च्या पाच गाड्यांचे शेवटचे चार आकडे टिपून आणायचे आणि ९ ने भागल्यावरची बाकी सांगायची. मागे एक पोरगी द्राक्षांच्या टेम्पोचा ४५०९ घेऊन आली आणि दारातूनच ओरडली, "बाई, शून्य!"