गोलकृमीची मज्जासंस्था जागेवर ठेवणारं जनुक कसं तपासायचं

सी. एलिगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या गोलकृमीत ३०२ चेतापेशी असतात. त्यांपैकी २२२ अंड्यातून बाहेर पडतानाच तयार असतात. नंतर अळी सतत वळवळते, लांबीने चौपट होते, तरी पेशी आपली जागा सोडत नाहीत, कारण काही जनुकं त्यासाठी पुढेही व्यक्त होत राहतात. त्यांपैकी सॅक्स-७ या जनुकाचं प्रथिन चेतापेशींच्या पृष्ठभागावर राहून त्यांना धरून ठेवतं. डिग-१चं अवाढव्य प्रथिन स्नायूंमधून बाहेर येतं, तर झिग-४चं शेपटीजवळच्या पीव्हीटी या पेशीतून स्रवतं.

एखादं जनुक रचना घडवतं की घडलेली रचना राखतं, हे फक्त प्रौढ कृमी बघून कळत नाही. नुकतीच जन्मलेली अळी आणि प्रौढ, दोन्ही मोजावेच लागतात. इथे सॅक्स-७चा एनजे४८ हा म्युटंट (जनुक बिघडलेला वाण) आणि एन२ हा सामान्य वाण घेऊन डाय-आय या चेतापेशींत भरणाऱ्या चमकत्या रंगाने करायची पद्धत दिली आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या साठाकेंद्रातून वाण मागवता येतात.

एक लिटर एनजीएमसाठी (कृमी वाढवायचं अगार-माध्यम) मीठ ३ ग्रॅम, पेप्टोन २.५ ग्रॅम, अगार १७ ग्रॅम आणि पाणी ९७५ मिली ऑटोक्लेव्ह करा. साधारण ५५ अंशांवर आल्यावर १ मोलर कॅल्शियम क्लोराइड १ मिली, १ मोलर मॅग्नेशियम सल्फेट १ मिली, अल्कोहोलमधलं कोलेस्टेरॉल (५ मिग्रॅ प्रति मिली) १ मिली आणि पीएच ६चं १ मोलर पोटॅशियम फॉस्फेट २५ मिली घाला. हे एकेक करून, हलवत घालायचं. एकदम ओतलं तर साका बसतो. प्लेटवर ओपी५० जीवाणू (कृमींचं खाद्य) वाढवा. कृमी २० अंशांवर बीओडीत (तापमान स्थिर ठेवणाऱ्या कपाटात) ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते बाहेर राहिले तर वांझ होतात.

अंडी मिळवण्यासाठी अंडी भरलेले प्रौढ असलेलं ३.५ मिली पाणी, ५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ०.५ मिली आणि ताजं ब्लीच १ मिली एकत्र करून जोरात हलवा. दर मिनिटाला सूक्ष्मदर्शकाखाली बघा. शरीरं फुटून विरघळली की लगेच एम९ या क्षारद्रावणाने तीनदा धुवा. जास्त वेळ गेला तर अंडीही मरतात.

यापुढचा टप्पा सर्वात महत्त्वाचा. अंडी रात्रभर एम९मध्ये ठेवून उपाशी अळ्या गोळा करण्याची सवय इथे चालत नाही. त्या तासन् तास वळवळत असतात, आणि पेशी सरकतात त्या वळवळण्याच्या ताणानेच: कृमी लुळे करणारं म्युटेशन सोबत असलं की हे दोष कमी होतात. म्हणून अंडी ओपी५०वर ठेवा. अळ्या निघू लागल्या की एम९ने सगळ्या धुऊन टाका. अंडी जीवाणूंच्या थराला चिकटून राहतात. एका तासाने पुन्हा धुऊन मिळतील त्या अळ्या खऱ्या अर्थाने नवजात. काही रंगवायला घ्या, उरलेल्या वाढवून चौथ्या अळी-अवस्थेत आणि प्रौढपणी तपासा.

डाय-आयचं २ मिग्रॅ प्रति मिली द्रावण एम९मध्ये २००पट पातळ करा. कृमी त्यात अंधारात दोन तास हळू फिरवत ठेवा, दोनदा धुवा, मग तासभर ओपी५०वर सोडा, म्हणजे आतड्यातला रंग निघून जाईल. सगळ्या वयांना वेळ सारखीच द्या. रंग डोक्यातल्या चेतापेशींच्या सहा जोड्यांत भरतो. मुळीच भरला नाही तर आधी एन२ बघा. त्यांतही नसेल तर रंग जुना झालाय किंवा तळाशी बसलाय. फक्त म्युटंटमध्ये नसेल तर पेशींच्या टोकाच्या सिलिया (केसांसारखे सूक्ष्म तंतू) बिघडल्या असण्याची शक्यता आहे.

पाच टक्के अ‍ॅगरोजच्या पातळ थरावर २५ मिलिमोलर सोडियम अझाइडच्या थेंबात कृमी ठेवा. अझाइड विषारी आहे, हातमोजे घाला. वीस मिनिटांत मोजणी संपवा. कव्हरस्लिप दाबू नका. डोकं चेपलं की पेशी सरकतात आणि सामान्य कृमीही म्युटंटसारखा दिसतो.

आता घशाच्या दोन फुगवट्यांमधली अरुंद मान शोधा. तिच्याभोवती अक्षतंतूंचं चमकतं कडं दिसेल, ती नर्व्ह रिंग. एन२मध्ये रंगलेल्या पेशींचे गोळे तिच्या मागे असतात. एकही गोळा रिंगवर आला किंवा पुढे गेला, तर तो कृमी दोषी धरा. डोकं तिरकं वळलेले कृमी सोडून द्या, पण हा निकष मोजणीच्या आधी लिहून ठेवा आणि दोन्ही वाणांना सारखाच लावा. प्लेटवर नावांऐवजी सांकेतिक क्रमांक दुसऱ्याकडून घालून घ्या. प्रत्येक गटात किमान ५० कृमी, आणि तीन स्वतंत्र वेळा.

नवजात अळ्या एन२सारख्याच आणि प्रौढ विसकटलेले, तर जनुक रचना राखण्याचं काम करतं असं म्हणता येतं. जन्मतःच दोष असेल तर म्युटंटवरून निष्कर्ष काढू नका. तेव्हा क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने जनुकाला ऑक्सिन-डेग्रॉन (ऑक्सिन मिळताच प्रथिन नष्ट करवणारा तुकडा) जोडून, योग्य ऊतीत त्यासाठी लागणारं टीआयआर१ प्रथिन व्यक्त करून, जन्मानंतरच १ मिलिमोलर ऑक्सिन अल्कोहोलमध्ये विरघळवून द्या आणि फक्त अल्कोहोल असलेल्या प्लेटशी तुलना करा. आरएनएआयचा (आरएनए देऊन जनुक दडपण्याचा) सोपा मार्ग स्नायूंतल्या डिग-१साठी आजमावता येईल, पण सामान्य वाणाच्या चेतापेशींवर तो फार कमी चालतो.