स्टर्जनच्या जाती ओळखायच्या तर मासा खालून बघा

दोन स्टर्जन शेजारी शेजारी दिसले की नवीन माणूस आधी लांबी बघतो, मग रंग, मग नाक, आणि तिथेच चुकतो. लांबी वयानुसार बदलते, रंगाचा भरवसा नाही, आणि नाकाचं तर असं की बऱ्याच जातींत पिल्लाचं नाक टोकदार असतं आणि मोठं होता होता तेच बोथट होत जातं. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, हाडाच्या चकत्या मोजा आणि माशाचा खालचा भाग बघा, बाकी सगळं नंतर.

आपल्याकडच्या नद्यांत हा मासा नाही, तो उत्तर गोलार्धातल्या थंड भागातला, त्यामुळे आधी चित्र डोळ्यांपुढे आणू. शेपटी मुशीसारखी, वरचं पातं लांब. तोंड खालच्या बाजूला आणि तोंडापुढे चार मिशा, शिंगाळ्याच्या आठवतील तुम्हाला. अंगावर हाडाच्या चकत्यांच्या पाच रांगा, पाठीवर एक, दोन्ही कुशींवर एकेक आणि पोटाच्या दोन्ही कडांना एकेक. या चकत्यांना स्क्यूट म्हणतात. आतला सांगाडा मात्र बहुतेक कूर्चेचा असतो, म्हणजे हाड जे आहे ते जास्त करून बाहेरच, आणि म्हणूनच मासा न कापता नुसत्या नजरेने इतकं काही कळतं.

सुरुवात कुशीवरच्या रांगेपासून करा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर व्हाइट आणि ग्रीन असे दोन स्टर्जन आहेत. व्हाइटच्या एका कुशीवर साधारण 38 ते 48 स्क्यूट भरतात, ग्रीनच्या 23 ते 30, म्हणजे नीट मोजलं तर गोंधळ व्हायला जागाच नाही. मोजताना डोक्यामागच्या पहिल्या चकतीपासून शेपटीकडे जायचं आणि एकच बाजू धरायची. शिवाय पाठीवरच्या पराच्या मागे बघा, ग्रीनला तिथे एक-दोन स्क्यूट असतात, व्हाइटला नसतात. मिशा पण बघा, व्हाइटच्या नाकाच्या टोकाकडे, ग्रीनच्या तोंडाकडे. पिल्लांचे स्क्यूट धारदार असतात, हात कापतो, आणि म्हाताऱ्या माशाचे झिजून गुळगुळीत होतात. म्हणून धार बघून जात ठरवू नका, संख्या आणि जागा बघा.

आता खरी अवघड जोडी, मिसुरी आणि मिसिसिपी नद्यांमधले शवलनोज आणि पॅलिड. दोघांचं नाक फावड्यासारखं चपटं, शेपटीकडचा भाग लांब, बारीक आणि पूर्ण चकत्यांनी मढवलेला, वरून बघितलं तर सख्खे भाऊ. त्याच नद्यांत लेक स्टर्जनही मिळतो, पण त्याचा शेपटीकडचा भाग जाडसर आणि असा पूर्ण मढवलेला नसतो, तो तिथेच वेगळा पडतो. पहिल्या दोघांसाठी मासा हलकेच उलटा करा. शवलनोजच्या चारही मिशा जवळपास सारख्या लांबीच्या आणि एका सरळ रेषेत उगवलेल्या. पॅलिडच्या मधल्या दोन आखूड आणि बाहेरच्या दोनपेक्षा नाकाकडे थोड्या पुढे सरकलेल्या, त्यामुळे रेषा वाकडी दिसते. मग पोट. शवलनोजच्या पोटावर बारीक चकत्या असतात, मोठ्या पॅलिडचं पोट बहुतेक उघडं. पॅलिडला 1990 मध्ये अमेरिकेच्या कायद्याने लुप्त होण्याच्या धोक्यातली जात ठरवलं, आणि 2010 मध्ये शवलनोजलाही जिथे दोघं एकत्र राहतात तिथे संरक्षण दिलं, कारण काय तर तो पॅलिडसारखा दिसतो, लोक अंड्यांसाठी शवलनोज समजून पॅलिड मारू नयेत म्हणून. एका मिशीच्या लांबीवर त्या माशाचा जीव ठरत होता हो, म्हणून मी या गोष्टीबद्दल इतकं पोटतिडकीने सांगतो. आणि या दोघांचे संकरही होतात, त्यामुळे एका खुणेवर कधीच थांबू नका, तिथले अभ्यासक सुद्धा मिशा, नाक, डोकं अशी बरीच मापं एकत्र धरतात. लहान पिल्लं तर नुसत्या नजरेने ओळखायला जाऊच नका.

पूर्व किनाऱ्यावर, हडसन आणि डेलावेअर नद्यांत, अटलांटिक आणि शॉर्टनोज. इथे तोंड मोजा. तोंडाची रुंदी आणि डोळ्यांमधलं अंतर यांची तुलना करायची, शॉर्टनोजचं तोंड त्या अंतराच्या 62 टक्क्यांहून जास्त, अटलांटिकचं 55 च्या आत. फूटपट्टी पुरते.

कॅस्पियन समुद्राकडचे मासे त्यामानाने सोपे. बेलुगाचं तोंड चंद्रकोरीसारखं आणि इतकं मोठं की जवळजवळ डोक्याच्या कडांना भिडतं. सेव्रुगाचं नाक तलवारीसारखं लांब, अर्ध्याहून जास्त डोकं म्हणजे नाकच. स्टरलेट छोटा, मिशांना झालर आणि कुशीवर पन्नासहून जास्त बारीक स्क्यूट. शिपचा खालचा ओठ मधे न तुटता सलग जातो, बाकीच्यांचा मधे तुटतो.

फोटोवरून ओळखायचं असेल तर नुसता एका बाजूने काढलेला फोटो उपयोगाचा नाही. चार काढा, पूर्ण कूस, डोकं वरून, तोंड आणि मिशा खालून, आणि पोट, आणि तोंडाच्या फोटोत पट्टी ठेवा. मासा जिवंत असेल तर हात ओले करा, पोटाखाली आधार द्या, शेपटीला धरून लटकवू नका, कल्ल्यात बोटं घालू नका, आणि फोटो शक्यतो पाण्यातच काढा. चारातला एखादा राहिला तर राहू दे, पण मासा आधी सोडा.