क्रूझ कंट्रोल लागत नाही? आधी ब्रेक लाइट बघा

क्रूझ कंट्रोल थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारी झडप) कमीजास्त करून ठरवलेला वेग टिकवतं. ब्रेक दाबला की पेडलजवळचा छोटा स्विच ते बंद करतो आणि मागचे ब्रेक लाइटही लावतो. हाच स्विच बिघडला तर ब्रेक सतत दाबलेलाच आहे असं गाडीला वाटू शकतं आणि मग क्रूझ लागतच नाही. म्हणून हँडब्रेक लावून कुणाला तरी मागचे ब्रेक लाइट बघायला सांगा, ब्रेक दाबा, सोडा. दिवे लागत किंवा विझत नसतील तर स्विच आणि फ्यूज लगेच तपासून घ्या. तोवर गाडी हायवेवर नेऊच नका, मागच्याला तुमचा ब्रेक कळणार नाही! दिवे ठीक असले तरी स्विच निर्दोष असेलच असं नाही, कारण काही गाड्यांत त्यात दोन वेगळी सर्किट असतात, एक दिव्यांसाठी आणि एक क्रूझसाठी. आणि हो, बऱ्याच गाड्यांत ताशी ४० किमीच्या आसपास वेग गाठल्याशिवाय क्रूझ सुरूच होत नाही.